झळ कोणाला? उष्म्याच्या नकाशांची उलटतपासणी

मार्च महिना संपत आला की वर्तमानपत्रांत एका विशिष्ट प्रकारचा नकाशा दिसू लागतो. शहराची सीमा, आत प्रभागांचे तुकडे आणि त्यांवर फिक्या पिवळ्यापासून गडद तांबड्यापर्यंत चढत गेलेले रंग. जिथे तांबडा रंग तिथे उष्णतेच्या लाटेत माणसांना धोका अधिक, असे खाली लिहिलेले असते. दरडप्रवण गावे, पूरप्रवण वस्त्या यांच्या याद्या आपल्या परिचयाच्या आहेत. त्याच चालीवर या नकाशाला उष्माप्रवणतेचा नकाशा म्हणता येईल. ऊन सर्वांवर पडते, पण झळ कोणाला बसते, या प्रश्नाचे उत्तर तो देऊ पाहतो.

झाडे कुठे लावायची, पाणपोया कुठे उघडायच्या, कोणत्या छपरांना पांढरा रंग द्यायचा, रुग्णवाहिका कुठे उभ्या करायच्या, हे ठरवताना शहरांचे नियोजनकर्ते अशा नकाशांचा आधार घेऊ लागले आहेत. म्हणजे नकाशात चूक असेल तर ती कागदावर राहत नाही. पाण्याचा टँकर चुकीच्या गल्लीत जातो. म्हणून एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या नकाशांचेही व्हायला हवे. भूगोलाच्या तासाला आपण मुलांना सांगतो, की नकाशा हातात आला की आधी शीर्षक, प्रमाण, सूची आणि साल पाहा. तेच प्रश्न येथे विचारू या.

नकाशा कसा तयार होतो?

या नकाशांची कृती थोडक्यात अशी. तीन प्रकारची माहिती गोळा करायची. पहिली, ती जागा किती तापते. दुसरी, तेथे राहणाऱ्यांची शरीरे किती नाजूक आहेत: वृद्ध, तान्ही मुले, मधुमेहाचे वा हृदयविकाराचे रुग्ण. तिसरी, उष्णतेला तोंड देण्याची साधने कितपत आहेत: पाणी, वीज, पक्के घर, उत्पन्न, शिक्षण, शेजार. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळ, म्हणजे आयपीसीसी, याच्या २००१ च्या अहवालातील प्रवणतेच्या व्याख्येत हेच तीन भाग होते. २०१४ च्या अहवालात मांडणी बदलली. उष्णता आणि तिच्यासमोर सापडणारी माणसे हे दोन भाग प्रवणतेपासून वेगळे काढले गेले आणि तिन्हींच्या संयोगाला धोका म्हटले गेले. अनेक नकाशे मात्र जुन्याच मांडणीवर बेतलेले असतात.

माहिती जमली की सगळे आकडे सारख्या मापात आणायचे. उदाहरणार्थ, सर्वांत कमी आकड्याला ०, सर्वांत मोठ्याला १ आणि मधल्यांना त्या प्रमाणात. मग त्यांची बेरीज करायची, आलेल्या संख्येला निर्देशांक म्हणायचे आणि रंग भरायचे. या पद्धतीचा गाजलेला नमुना म्हणजे कॉलीन रीड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला अमेरिकन शहरांचा नकाशा. त्यांनी ३९,७९४ जनगणना-विभागांसाठी १० प्रकारची माहिती घेतली. एकमेकींबरोबर वाढणारी-घटणारी माहिती एका गटात टाकणाऱ्या सांख्यिकी रीतीने तिचे ४ घटक झाले. गरिबी, अपुरे शिक्षण, वंश आणि हिरवाईचा अभाव यांचा मिळून एक, एकटेपणाचा दुसरा, वातानुकूलन नसण्याचा तिसरा, वार्धक्य आणि मधुमेह यांचा चौथा. प्रत्येक घटकाला १ ते ६ गुण, म्हणून एकूण गुण ४ ते २४. पद्धत सरळ आहे, उपलब्ध आकड्यांवर भागते आणि शेवटी एकच संख्या हाती देते. तिच्या लोकप्रियतेचे रहस्य यातच असावे. अडचणींचे मूळही बरेचसे यातच आहे.

तापमान, पण कशाचे?

पहिला प्रश्न सूचीचा. तांबडा रंग नेमके कशाचे तापमान दाखवतो? शहरात वेधशाळेची केंद्रे मोजकी असतात, त्यामुळे गल्लीगल्लीचे तापमान सहसा उपग्रहाकडून घेतले जाते. जमिनीतून आणि छपरांतून निघणारे अवरक्त किरण उपग्रह मोजतो आणि त्यांवरून पृष्ठभागाचे तापमान काढले जाते. वेधशाळा मात्र जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीतल्या हवेचे तापमान मोजते. मे महिन्यात दुपारी हवा ४२ अंशांवर असताना डांबरी रस्ता ६० अंशांपर्यंत सहज तापतो. दोन्ही आकडे खरे आहेत, पण त्यांचा परस्परसंबंध जागेनुसार बदलतो. उन्हात चालणाऱ्या माणसाला तापलेल्या रस्त्याचा उष्मा जाणवतो हे खरे. पण घरात बसलेल्या आजीचा घाम हवेत वाळतो, छपराच्या वरच्या बाजूला नाही.

छपरांचीच आणखी एक गंमत आहे. सर्व पदार्थ सारख्या तापमानाला सारखे अवरक्त किरण बाहेर टाकत नाहीत. सिमेंटचा पत्रा ते भरपूर टाकतो, नवा चकचकीत धातूचा पत्रा फार कमी टाकतो. त्यामुळे पदार्थाच्या या गुणधर्माची दुरुस्ती नीट केली नसेल, तर उपग्रहाला धातूचा पत्रा असतो त्यापेक्षा बराच थंड भासतो. ज्या पत्र्याखाली माणूस भाजून निघतो तोच नकाशात फिका उमटू शकतो! गंजलेल्या, मळलेल्या पत्र्याची गोष्ट पुन्हा वेगळी.

दुसरा प्रश्न वेळेचा. या कामासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या लँडसॅट मालिकेतील प्रत्येक उपग्रह एका जागेवरून दर १६ दिवसांनी जातो, आणि तोही सकाळी दहा-अकराच्या सुमारास. त्याच्या अवरक्त प्रतिमेतील एक ठिपका मुळात १०० मीटर बाजूच्या चौरसाएवढा असतो. आता उष्णतेच्या लाटेतील मृत्यू कसे होतात ते आठवू. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री थंडावा मिळाला तर ते सावरते. भिंती आणि स्लॅब दिवसा साठवलेली उष्णता रात्रभर सोडत राहिले तर शरीराला विसावा मिळत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते हार खाते. सकाळी अकराचा नकाशा याबद्दल फारसे सांगू शकत नाही.

दिवस आणि रात्र यांतला फरक किरकोळ नाही. शहरे भोवतालच्या प्रदेशापेक्षा गरम असतात, असे आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. पण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पीक निघून गेलेली कोरडी, उघडी शेते दिवसा इतकी तापतात, की उपग्रहाला कित्येकदा शहरच तुलनेने थंड दिसते. भारतातील बहुसंख्य शहरांच्या बाबतीत मान्सूनपूर्व महिन्यांत असेच घडते, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. रात्री चित्र उलटते. शेते झपाट्याने निवतात, शहर तापलेले राहते. म्हणजे एकाच जागेचे, एकाच तारखेचे दोन नकाशे जवळजवळ परस्परविरोधी असू शकतात. वर्तमानपत्रात आलेला नकाशा यांपैकी कोणता, हे खाली लिहिलेले असते का, ते पाहा.

राहिली आर्द्रता. समजा, नागपुरात हवा ४४ अंशांवर आहे आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के आहे. मुंबईत हवा ३४ अंशांवर आहे आणि आर्द्रता ६५ टक्के. तापमापीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले तर नागपुरात तो पारा साधारण २३ अंशांवर थांबेल, मुंबईत साधारण साडेअठ्ठावीसवर. घाम वाळून शरीर किती थंड होऊ शकेल, याचा अंदाज या ओल्या फुग्याच्या तापमानावरून येतो. म्हणून मुंबईतील माणूस नागपूरकरापेक्षा अधिक धोक्यात आहे असा निष्कर्ष लगेच काढायचा नाही. कोरड्या ४४ अंशांत शरीरातले पाणी झपाट्याने घटते, तोही धोकाच आहे. पण नुसते कोरडे तापमान घेऊन रंगवलेला नकाशा किनाऱ्यावरील शहरांना हमखास कमी लेखतो, एवढे निश्चित.

बेरीज की गुणाकार?

आता निर्देशांकाच्या अंकगणिताकडे वळू. दोन काल्पनिक वस्त्या घेऊ. पहिली वस्ती टेकडीवर, झाडीत आहे. तिथे उष्णता ०.१, शरीराचा नाजूकपणा ०.९, साधनांची उणीव ०.९. दुसऱ्या वस्तीत तिन्ही आकडे ०.५. बेरीज केली तर पहिलीला १.९ आणि दुसरीला १.५ गुण मिळतात. पहिली वस्ती अधिक तांबडी. गुणाकार केला तर पहिलीचे ०.०८१ आणि दुसरीचे ०.१२५; दुसरी अधिक तांबडी. माहिती तीच, क्रम उलटा.

यात बरोबर कोण? बेरजेत असे गृहीत असते, की एका गोष्टीची कमतरता दुसरीने भरून निघते. ऊनच नसेल तरी गरिबी पुरेशी असली की उष्म्याचा धोका मोठा ठरतो. गुणाकारात असे गृहीत असते, की तिन्हींपैकी एक गोष्ट शून्य असेल तर धोकाही शून्य. आयपीसीसीने २०१४ साली मांडणी बदलली तिचा आशय या दुसऱ्या विचाराच्या जवळ जातो. दोन्हींपैकी काहीही निवडा, पण ती निवड आहे, मोजमाप नव्हे. आणि नकाशावर तिचा उल्लेख क्वचितच असतो.

वर उल्लेख केलेल्या सांख्यिकी रीतीने ही अडचण सुटते, असे काहींना वाटते. ते तसे नाही. कोणते आकडे एकमेकांबरोबर हलतात, एवढेच ती रीत सांगते. त्यांपैकी कोणते आकडे माणसाच्या जिवाशी निगडित आहेत, हे तिला ठाऊक नसते. ते कळायचे तर निर्देशांक प्रत्यक्ष आजारपणाच्या आणि मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहावा लागतो.

रीड यांच्या गटाचे श्रेय असे, की त्यांनी ही परीक्षा स्वतःच घेतली. अमेरिकेतील पाच राज्यांच्या नोंदी घेऊन त्यांनी २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जास्त गुण मिळालेल्या विभागांत रुग्णालयात दाखल होण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण खरोखरच जास्त होते. पण ते कडक उन्हाच्या दिवसांत जास्त होते, तसेच एरवीच्या दिवसांतही होते. काही आजारांच्या बाबतीत उन्हाच्या दिवशी हा संबंध अधिक घट्ट झाला, सर्व बाबतींत नाही. याचा अर्थ लक्षात घ्या. ज्याला आपण उष्माप्रवणतेचा नकाशा म्हणतो तो बऱ्याच अंशी गरिबीचा आणि अनारोग्याचा नकाशा असू शकतो. असा नकाशाही उपयोगाचा आहे, पण मग त्याचे शीर्षक बदलायला हवे. आपल्या देशात निघणाऱ्या किती नकाशांच्या वाट्याला अशी परीक्षा येते?

सरासरीच्या पोटात

पुढचा प्रश्न प्रमाणाचा. २०१७ साली गुलरेझ शाह अझर आणि सहकाऱ्यांनी भारतातील ६४० जिल्ह्यांचा उष्माप्रवणतेचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात १० जिल्हे अत्युच्च आणि ९७ जिल्हे उच्च धोक्याच्या वर्गात आले. ते मुख्यत्वे देशाच्या मध्यभागातील, कमी नागरीकरण झालेले, साक्षरता, पाणी, स्वच्छतागृहे आणि घरगुती सोयी यांत मागे असलेले जिल्हे होते. देशपातळीवर निधी कोणत्या दिशेने जावा, यासाठी हा नकाशा मोलाचा आहे. पण शहराच्या नियोजनासाठी तो वापरणे म्हणजे भारताच्या नकाशावर आपल्या गावची पाणंद शोधण्यासारखे होईल. पुणे जिल्ह्यात पुणे शहर आहे, भोर आणि वेल्ह्याचे डोंगर आहेत आणि बारामती-इंदापूरचा कोरडा पट्टाही आहे. त्यांची सरासरी काढली की जो आकडा येतो तो यांपैकी कोणाचाच नसतो. लेखकांनी जिल्हा हे एकक निवडले, कारण माहिती त्या एककाने मिळत होती. तो दोष त्यांचा नाही. त्या नकाशाचा भलता उपयोग करणाऱ्यांचा आहे.

मग प्रभागाचा नकाशा घ्यावा, तर तिथेही सरासरीचा खोडा आहेच. समजा, एका प्रभागात १०,००० लोक आहेत. त्यांतील १,००० पत्र्याच्या घरांत राहतात, त्यांचा निर्देशांक ९०. उरलेले ९,००० बऱ्या घरांत, त्यांचा २०. प्रभागाची सरासरी २७ येते. शेजारच्या प्रभागात सर्वांचा निर्देशांक ३० आहे. नकाशात शेजारचा प्रभाग अधिक गडद होईल आणि ते हजार लोक फिक्या रंगाखाली झाकले जातील. गणिताच्या शिक्षकांना सरासरी आणि विचलन शिकवताना हे उदाहरण वापरता येईल.

त्यातून ही माहितीही जुनी असते. वस्ती, घरांची स्थिती, पाण्याची सोय यांचे आकडे बहुतेक जनगणनेतून येतात. २०२१ साली व्हायची जनगणना त्या साली झाली नाही, त्यामुळे नंतरच्या वर्षांतही नकाशे २०११ च्या आकड्यांवरच काढावे लागले. इतक्या वर्षांत शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या वस्त्या त्या नकाशांत रिकामी जमीन म्हणून दिसतात.

आणि नकाशा सपाट असतो, घर सपाट नसते. याचे बोलके उदाहरण अहमदाबादचे आहे. २०१० च्या उन्हाळ्यात तेथील एका सार्वजनिक रुग्णालयात उष्म्याने आजारी पडलेली नवजात बालके अतिदक्षता विभागात आणावी लागत होती. प्रसूतिकक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीच्या लगेच खाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवला गेला. पुढे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या बदलामुळे अशा बालकांचे अतिदक्षता विभागात येण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी घटले. उपग्रहाच्या दृष्टीने ती इमारत एका ठिपक्याएवढीही नव्हती. ठिपका तोच राहिला, रंग तोच राहिला, आणि धोका दोन जिने उतरल्यासारखा कमी झाला.

शिकागोचे दोन शेजारी

उष्माप्रवणतेच्या अभ्यासाला ज्या घटनेने गती दिली ती जुलै १९९५ मधील शिकागोची लाट. १३ जुलैला तेथील मिडवे विमानतळावर ४१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, जोडीला आर्द्रताही होती. १४ ते २० जुलै या आठवड्यात नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. लाट ओसरताच तज्ज्ञांनी मृतांच्या घरी जाऊन, त्यांची तुलना जवळच राहणाऱ्या वाचलेल्यांशी केली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले, की अंथरुणाला खिळलेले, एकटे राहणारे, रोज घराबाहेर न पडणारे आणि सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारे लोक अधिक दगावले. ज्यांच्याकडे चालू स्थितीतील वातानुकूलन यंत्र होते वा जाण्यायेण्याचे वाहन होते ते अधिक वाचले. पुढच्या नकाशांतील कित्येक घटक याच यादीतून आलेले आहेत.

समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी २००२ साली या लाटेवर 'हीट वेव्ह' हे पुस्तक लिहिले. त्यात शेजारी-शेजारी असलेल्या दोन भागांची तुलना आहे, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. हवामान एकच. एकटे राहणारे वृद्ध आणि गरीब वृद्ध यांचे प्रमाणही सारखेच. म्हणजे कोणत्याही निर्देशांकात दोन्ही जवळपास एकाच रंगाचे ठरले असते. पण पहिल्या भागात लाखामागे ४० जण मृत्युमुखी पडले, दुसऱ्यात लाखामागे ४ देखील नाहीत. क्लायनेनबर्ग यांचे स्पष्टीकरण असे, की नॉर्थ लॉनडेलमध्ये कारखाने आणि दुकाने बंद पडून रस्ते ओस झाले होते, गुन्हेगारीच्या भीतीने म्हातारी माणसे दारे-खिडक्या लावून आत बसली. साउथ लॉनडेलमध्ये रस्ते गजबजलेले होते, दुकाने चालू होती. घराबाहेर पडायला कारण होते आणि सोबतही. ज्याला आपण 'वर्दळ' म्हणतो ती त्यांच्या मते जीव वाचवणारी गोष्ट ठरली. ती जनगणनेच्या कोणत्याच रकान्यात नसते.

पुस्तक अत्यंत वाचनीय आहे, पण तेही तपासूनच घ्यायला हवे. मिचेल ड्यूनायर या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाने २००६ साली त्यावर मूलभूत आक्षेप घेतला. वस्तीच्या गुणधर्मांवरून व्यक्तीच्या मृत्यूचे कारण सांगता येत नाही. जे मेले ते खरोखर भीतीपोटी घरात कोंडून घेणारे होते का, हे एकेका माणसाची माहिती काढूनच कळेल, असे त्यांचे म्हणणे. क्लायनेनबर्ग यांनी त्याला त्याच नियतकालिकातून कडक उत्तर दिले. तो वाद येथे सोडवायचा नाही. शिवाय साउथ लॉनडेलमधील मृत्यू अवघे तीन. इतक्या लहान संख्येवरून काढलेला दर एकदोन मृत्यूंनीही बराच हलतो. पण ड्यूनायर यांचा आक्षेप उष्म्याच्या प्रत्येक नकाशाला लागू पडतो. तांबड्या प्रभागातील प्रत्येक माणूस धोक्यात नसतो आणि फिक्या प्रभागातील प्रत्येक जण सुरक्षित नसतो. समूहाचा गुणधर्म व्यक्तीला चिकटवण्याची ही चूक वर्गातही होते. 'ब' तुकडीची सरासरी कमी म्हणून 'ब' तुकडीतील प्रत्येक मूल कच्चे ठरत नाही.

मग नकाशे नकोतच का?

इतके दोष दाखवल्यावर असा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. उत्तर देण्याआधी उलट बाजूही पाहू. भारतातील ३७ उष्मा कृती आराखड्यांची पाहणी करणारा एक अहवाल दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी केवळ २ आराखड्यांत प्रवणतेचा अभ्यास प्रत्यक्ष करून मांडलेला आढळला. बाकीच्यांत वृद्ध, मुले, गर्भवती स्त्रिया, मजूर अशी ठरावीक यादी असते. पण ही माणसे शहरात कुठे आहेत, याचा पत्ता नसतो. सदोष नकाशा आणि नकाशाच नसणे, यांत दुसरी स्थिती अधिक वाईट आहे. सदोष नकाशा निदान दुरुस्त करता येतो.

अहमदाबादचा अनुभव येथेही उपयोगी पडतो. मे २०१० मध्ये तेथे पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्या महिन्यात शहरात ४,४६२ मृत्यूंची नोंद झाली. आधीच्या आणि नंतरच्या वर्षांशी तुलना करता हे १,३४४ मृत्यू जास्त होते. ही संख्या कळली ती महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदींमुळे. उष्माघात असे कारण लिहिलेल्या दाखल्यांवर विसंबून ती कळली नसती. २०१३ साली महापालिकेने कृती आराखडा अमलात आणला. दक्षिण आशियातील तो पहिलाच मानला जातो. तापमानाचे टप्पे ठरवून आगाऊ इशारे, डॉक्टर व परिचारिकांचे प्रशिक्षण, पाण्याची सोय आणि पुढे २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा लेप, अशी कामे झाली. नागपूर महापालिकेनेही २०१६ साली असा आराखडा केला. अहमदाबादच्या आराखड्याने वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले असावेत, असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झाला. एकाच शहराच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची तुलना करून काढलेला हा अंदाज आहे, तेव्हा तो हातचा राखूनच घ्यावा. तरीही एक गोष्ट दिसते. मृत्यू मोजले गेले म्हणून आराखडा झाला, आणि त्यातले प्रत्येक काम विशिष्ट धोक्यासाठी आखलेले होते.

माझे म्हणणे हेच आहे. नियोजनासाठी एका रंगाचा एकत्रित निर्देशांक सोयीचा दिसतो, पण कामाच्या वेळी तो मुका असतो. प्रभाग तांबडा आहे म्हणजे काय करायचे? छपरे रंगवायची, की नळ द्यायचा, की एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी कोणी डोकावून यायचे? बेरीज करताना नेमकी हीच माहिती हरवलेली असते. त्यापेक्षा थर वेगळे ठेवावेत. छपरांचा एक नकाशा, पाण्याचा एक, रात्रीच्या हवेचा एक, उन्हात काम करणाऱ्यांच्या नाक्यांचा एक, एकट्या वृद्धांचा एक. प्रत्येकाखाली मोजमापाची तारीख आणि वेळ. प्रत्येक उन्हाळ्यानंतर हे नकाशे मृत्यूच्या आणि रुग्णालयाच्या नोंदींशी ताडावेत, आणि जो नकाशा खोटा ठरेल तो बदलावा. प्रयोगशाळेत आपण गृहीतकाला जी वागणूक देतो तीच नकाशाला द्यावी.

शाळेचा नकाशा

हा सगळा विचार मुलांपर्यंत नेण्यासाठी उपग्रहाची गरज नाही. चार-पाच साधे तापमापी आणि शाळेचा हाताने काढलेला आराखडा पुरे. मार्चमधील एखाद्या दिवशी प्रत्येक वर्ग, वऱ्हांडा, स्वयंपाकाची खोली, पत्र्याची शेड आणि झाडाखालची जागा येथील तापमान सकाळी ८ वाजता आणि दुपारी २ वाजता घ्यावे. तापमापी सर्वत्र सारख्या उंचीवर, सावलीत आणि भिंतीला न टेकवता धरावा. निदान दोन ठिकाणी फुग्याला ओले फडके गुंडाळून पाहावे. उघड्यावरील जागांची नोंद शिक्षकांनी घ्यावी, मुलांना दुपारच्या उन्हात उभे करू नये. दोन मजली शाळा असेल तर वरच्या आणि खालच्या मजल्याचे आराखडे वेगवेगळे करावेत.

आराखडे रंगवून झाले की प्रश्न विचारावेत. सकाळचा आणि दुपारचा नकाशा सारखा आहे का? संपूर्ण शाळेची सरासरी काढली तर सर्वांत गरम वर्गाचे काय होते? त्या वर्गात कोण बसते, पहिलीची मुले की दहावीची? पंखा कुठे आहे, पाण्याचा माठ कुठे आहे? पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंच्या खोलीचा रंग कोणता आला? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, की पहिलीचा वर्ग खाली आणावा का, माठ कुठे हलवावा, कोणत्या छपराला आधी चुना लावावा, हे मुलेच सांगतील. तो ठराव मुख्याध्यापकांपुढे आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे जरूर ठेवावा, आणि बदल केल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा तापमान मोजावे.